सव्वा महिना आईचा
मुंबई उपनगरातील मातांचे प्रसूतीनंतरचे आरोग्य व मनःस्वास्थ्य

प्रसूतिकक्षाचे दार उघडून परिचारिका बाहेर येते आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे सांगते, तेव्हा बाकावर ताटकळत बसलेल्या आप्तांच्या जिवात जीव येतो. ‘मोकळी झाली एकदाची’ असे उद्गार निघतात. नऊ महिने जिचे वजन, रक्तदाब व रक्त वरचेवर तपासले गेले, त्या स्त्रीवरून सर्वांचे लक्ष त्या क्षणापासून बाळाकडे वळते. वैद्यकशास्त्र मात्र तिला एवढ्यात मोकळी मानत नाही. प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांना सूतिकाकाल असे नाव असून गर्भारपणाने व प्रसूतीने झालेले शरीरातील बदल बव्हंशी याच अवधीत पूर्ववत होतात. मातेच्या जिवाला असणारा धोकाही या काळात संपलेला नसतो.

महाराष्ट्रात प्रसूती रुग्णालयात होण्याचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २०१८-२० या काळात ३३ पर्यंत खाली आले. ही प्रगती लहान नव्हे. तथापि माता जगली एवढ्याने ती बरी झाली असे होत नाही. प्रसूतीची खाट सुरक्षित झाल्यानंतर आता घरातील खाटेकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

उपनगरातील बदललेले बाळंतपण

१ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही ठिकाणे कुर्ला तालुक्यात मोडतात. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, अंधेरीच्या शेजारचे कूपर व बोरिवलीचे भगवती ही महापालिकेच्या रुग्णालयांची नावे येथील दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाची आहेत. जून २०११ पासून राबविण्यात येत असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे व तपासण्या विनामूल्य असून नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवसांपर्यंत व शस्त्रक्रियेनंतर ७ दिवसांपर्यंत मातेस मोफत आहार मिळतो. घरी पोहोचविण्यासाठी वाहनाचीही तरतूद आहे.

खरा प्रश्न त्या वाहनातून उतरल्यानंतर सुरू होतो. असल्फ्याच्या किंवा विक्रोळी पार्कसाइटच्या टेकडीवर राहणाऱ्या बाळंतिणीला पोटावरील ताज्या टाक्यांनिशी अनेक पायऱ्या चढून जावे लागते. पाण्याची वेळ ठरलेली असते. सार्वजनिक शौचालय दूर असते आणि तेथे उकिडवे बसणे टाके पडलेल्या स्त्रीला यातनामय होते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे असली, की बाळंतिणीची निराळी खोली ही कल्पनाच उरत नाही. साकीनाका वा मरोळच्या कारखान्यात रोजावर जाणारा नवरा दोन दिवसांहून अधिक खाडा करू शकत नाही. सदनिकांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची अडचण निराळी असते. तेथे जागा व पैसा असतो, पण माणूस नसते. आई गावी आजारी, सासू स्वतः नोकरीत आणि पती सकाळच्या लोकलने गेलेला. दिवसाचे दहा-बारा तास बंद दाराआड बाळाबरोबर एकटीने काढणाऱ्या मुलुंड वा बोरिवलीच्या या स्त्रीला सोयींचा तोटा नसला, तरी सोबतीचा असतो.

शरीराची झीज व भरपाई

प्रसूतीनंतर सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत आकसून साधारणपणे साठ-सत्तर ग्रॅमचे होते. अंगावरून जाणारा स्राव प्रथम लाल, पुढे तपकिरी व शेवटी फिकट होत चार ते सहा आठवड्यांत थांबतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेल्याने खोकताना वा हसताना लघवीचे थेंब गळणे हा प्रकारही पुष्कळ स्त्रियांत आढळतो. लाजेपोटी तो सांगितला जात नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा खेपा आवळून सैल सोडण्याचा साधा व्यायाम यावर गुणकारी ठरतो. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने सहा आठवडे बाळाहून जड वस्तू उचलू नये, असा दंडक घरातील सर्वांनी पाळावा. पाण्याने भरलेला हंडा किंवा कळशी ही अशीच जड वस्तू होय, हे येथे विशेषत्वाने सांगितले पाहिजे.

राज्यातील गर्भवतींपैकी ४५.७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे वरील पाहणीत आढळले. त्यात प्रसूतीच्या रक्तस्रावाची भर पडते. म्हणून लोह व फॉलिक आम्लाची एक गोळी रोज, तसेच कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज, प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. या दोन प्रकारच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. बाळ झाले म्हणून गोळ्या बंद करणे ही सार्वत्रिक चूक आहे.

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास सहा आठवड्यांची वाट न पाहता मातेस तात्काळ रुग्णालयात न्यावे :

• तासाभरात कापडाची घडी भिजून जाईल एवढा रक्तस्राव किंवा मोठ्या गाठी पडणे;
• ताप व थंडी, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव;
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके येणे (गर्भारपणी रक्तदाब नसलेल्या स्त्रीसही प्रसूतीनंतर तो उद्भवू शकतो);
• एकाच पायास सूज व वेदना, छातीत दुखणे वा धाप लागणे;
• टाक्यांतून पू येणे, स्तन लाल व कठीण होऊन ताप येणे.

गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात घरी बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांची पाहणी केली. सुमारे ४३ टक्के स्त्रियांना सूतिकाकालात कोणता ना कोणता त्रास झाल्याचे तीत दिसून आले. गडचिरोलीचे रान व घाटकोपरची टेकडी यांत मोठे अंतर आहे. मात्र ‘बाळंतपणात एवढे चालायचेच’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच ऐकू येते, आणि उपचारास विलंब होण्याचे मूळ त्यात असते.

परंपरेतील ग्राह्य व त्याज्य

आपल्या समाजाने बाळंतिणीसाठी सव्वा महिन्याची मुदत पूर्वीच आखून ठेवली आहे. या मुदतीत तिने चूल-पाणी करू नये, अंगाला तेल लावून घ्यावे, डिंकाचे, मेथीचे व अळिवाचे लाडू खावेत, ओवा-बाळंतशेपा चघळावा आणि जाणत्या बाईच्या हातून बाळाला न्हाऊ घालून घ्यावे, असा प्रघात आहे. विश्रांती, सकस अन्न व अनुभवी स्त्रीची सोबत हे या प्रघाताचे सार होय. स्तनपान करणाऱ्या स्त्रीला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, हे ध्यानी घेता तूप-गुळाच्या लाडवांना पोषणाचा आधार आहे. अळिवातून लोह मिळते.

त्याचबरोबर काही चाली सोडून देण्याजोग्या आहेत. पाणी कमी प्यावयास देण्याने लघवीचा दाह व मलावरोध वाढतो. डाळी, पालेभाज्या व फळे वर्ज्य करून केवळ भात-तुपावर ठेवल्यास प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडतात. बंद खोलीत शेगडी व धुरी ठेवल्याने आई व बाळ या दोघांच्याही फुप्फुसांस अपाय होतो. दहा बाय बाराच्या खोलीत तर हा धोका अधिकच. शस्त्रक्रियेच्या जखमेवर शेक देणे वा पोट करकचून बांधणे टाळावे. पहिला चीक काढून टाकण्याची चाल बाळाला त्याच्या पहिल्या संरक्षणास मुकविते.

मनाची अवस्था

शरीराची दुखणी निदान दिसतात. मनाची दिसत नाहीत, आणि दिसली तरी त्यांना नाव दिले जात नाही. जुन्या बोलीत ‘बाळंतरोग’ या एका शब्दात ताप, वात व भ्रम हे सर्व कोंबलेले असे. आज या अवस्थांचे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला प्रकार साधा व तात्पुरता आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते, झोप लागत नाही. संप्रेरकांच्या पातळीत एकाएकी झालेली घट आणि जागरण यांमुळे हे घडते व दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. धीर, झोप व मदत एवढेच औषध त्याला पुरते.

दुसरा प्रकार प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा. यात उदासी दोन आठवडे उलटून गेली तरी हटत नाही. बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही. अन्नावरची वासना उडते, बाळाविषयी माया वाटत नाही किंवा त्याला काही होईल या धास्तीने जीव सतत टांगणीला लागतो. आपण वाईट आई आहोत ही अपराधी भावना ठाण मांडून बसते आणि जीव नकोसा होतो. भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारणपणे पाच मातांमागे एक, असे येते. हा स्वभावदोष नव्हे वा आळसही नव्हे. समुपदेशनाने व आवश्यक तर औषधांनी तो बरा होतो. स्तनपान चालू असतानाही देता येतील अशी औषधे उपलब्ध असून ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

तिसरा प्रकार विरळा, पण अत्यंत गंभीर होय. हजारात एक-दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकाएकी भ्रम होतात. नसलेले आवाज ऐकू येतात, बोलणे असंबद्ध होते, झोप पूर्णपणे उडते. यास बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेण्यात जो वेळ जातो, तो आई व बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. अशा मातेस बाळासह एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलास सर्वसाधारणपणे दूर करता येत नाही, ही बाबही नातेवाइकांना समजावून सांगावी.

गोव्याचा धडा

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास शेजारच्या गोव्यात झाला. म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० मातांचा पाठपुरावा डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक स्त्रियांची मनःस्थिती गरोदरपणीच ढासळलेली होती. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी व पतीशी असलेले बिघडलेले संबंध ही मोठी कारणे ठरली. मुलगी झाल्यास उपासमार व नवऱ्याची मारहाण यांसारख्या कारणांचा परिणाम वेगळाच होतो, असेही या अभ्यासात दिसून आले.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. नैराश्यग्रस्त माता इतरांपेक्षा दवाखान्यात अधिक वेळा येत होत्या. म्हणजे त्या दृष्टीआड नव्हत्या. मनाचे दुखणे घेऊन आलेली स्त्री ‘मन उदास आहे’ असे क्वचितच म्हणते. कंबर दुखते, चक्कर येते, डोके भणभणते, दूध पुरत नाही, अशा शब्दांत ती आपली व्यथा मांडते. तिला गोळ्या मिळतात, पण प्रश्न विचारला जात नाही.

पुढे गोव्यातच ‘संगत’ या संस्थेने गावातील सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘सखी’ म्हणून नेमले. या सख्यांनी खिन्न मनःस्थितीतील गर्भवतींच्या घरी गरोदरपणापासून जाऊन ६ ते १४ भेटींत त्यांच्याशी संवाद साधला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांना माफक पण लक्षणीय लाभ झाला. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक वस्तीत पोहोचणे शक्य नसले, तरी शेजारची समंजस स्त्री पोहोचू शकते, एवढा बोध यातून निश्चित मिळतो.

कायद्याचे पाठबळ

बाळंतिणीच्या विश्रांतीचा हक्क मान्य करण्यात मुंबई इलाख्याने देशात पुढाकार घेतला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या संबंधीच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून तिचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, तथापि मालकासही त्यातून पूर्णपणे मोकळीक नसावी, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा अशा स्वरूपाचा देशातील पहिला कायदा होय. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील रजेची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे करण्यात आली व तीच सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये कायम आहे. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई, बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन सुट्ट्या आणि ५० वा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघर, या तरतुदीही महत्त्वाच्या आहेत.

घरकाम करणाऱ्या, फेरी करणाऱ्या वा घरी बसून मजुरी करणाऱ्या स्त्रीला अशी रजा मिळत नाही. तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत व दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी, असे तिचे सध्याचे स्वरूप आहे. ही रक्कम बुडालेल्या रोजगाराची पूर्ण भरपाई करीत नाही. तरीही दोन घरची धुणी-भांडी महिनाभर उशिरा सुरू करण्याची मुभा तीतून मिळू शकते. त्यासाठी नोंदणी वेळेवर होणे अगत्याचे आहे.

सहावा आठवडा

परंपरेचा सव्वा महिना, वैद्यकाचे ४२ दिवस व कायद्याचे सहा आठवडे हे तीन निरनिराळ्या वाटांनी आलेले हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बाळाच्या लसीकरणाच्या वेळापत्रकातही सहावा आठवडा ठरलेला आहे. त्या दिवशी पोलिओ, पंचगुणी, रोटा इत्यादी लसींची पहिली मात्रा द्यावयाची असते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात त्या सकाळी बाळाला घेऊन रांगेत उभी असलेली व्यक्ती बहुधा त्याची आई असते. ती स्वतः चालत आलेली असते. तिच्यासाठी वेगळे शिबिर भरविण्याची वा वेगळे वाहन पाठविण्याची गरज नसते. बाळाचे वजन होते, लस दिली जाते, पुढची तारीख लिहिली जाते आणि आई न तपासता परत जाते. ही संधी वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या शिफारशींतही प्रसूतीनंतरचे पहिले २४ तास रुग्णालयात व त्यानंतर किमान तीन तपासण्या, म्हणजे ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत व सहाव्या आठवड्यात, असे सुचविले असून नैराश्याची चाचपणी त्यात अंतर्भूत आहे. यास्तव लसीकरणाच्या दिवशी मातेचा रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासावे, टाके व स्तन पाहावेत, लघवीच्या त्रासाबद्दल विचारावे आणि पाळणा लांबविण्याचा सल्ला द्यावा. कारण पाळी सुरू होण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो. त्यानंतर तिला थोडे बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत. गेल्या महिनाभरात मन सारखे खिन्न किंवा निराश राहिले काय? पूर्वी ज्यात आनंद वाटे, त्यात आता गोडी वाटेनाशी झाली आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास अधिक चौकशी करावी, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय हे स्पष्टपणे विचारावे व तिला डॉक्टरांकडे पाठवावे. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलल्याने मन हलके होते. दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून जगभर यासाठी वापरली जाते. प्रश्न सासूसमोर वा नवऱ्यासमोर विचारू नयेत, ही मात्र मुख्य अट. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक लसीकरण केंद्रात ठळकपणे लावता येईल.

माहेर गावी असेल तर

उपनगरातील अनेक लेकी-सुना बाळंतपणासाठी रत्नागिरी, सातारा, जालना वा आणखी कोठल्या माहेरी जातात. बाळंतपण एका जिल्ह्यात आणि संसार दुसऱ्या, अशा वेळी तिची नोंद दोन्हीकडून निसटते. मुंबईच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या लेखी ती गावी गेलेली असते. गावच्या आशा कार्यकर्तीच्या लेखी ती मुंबईची असते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट द्यावयाची आहे. या गृहभेटींच्या पद्धतीचा पायाही गडचिरोलीतच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्यातून घातला गेला. यादीत नाव नसलेल्या माहेरवाशिणीला या भेटी मिळत नाहीत.

येथे पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. बाळंतपणास आलेल्या प्रत्येक माहेरवाशिणीचे नाव ती आल्या आठवड्यात आशा व अंगणवाडी सेविकेला कळवावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत या नावांचा आढावा घ्यावा. परतताना माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत आहे व त्यावर आईच्या तपासणीची नोंद झाली आहे, याची खात्री करावी. शिक्षकांना पालकसभेत हा विषय काढता येईल. धाकटे भावंड आल्यावर थोरली मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली, तर घरी आईला मदतीस दुसरे कोणी नाही, असे समजून चौकशी करावी. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील पाळणाघराची व स्तनपानाच्या वेळेची व्यवस्था एकदा स्वतः पाहावी.

घरच्या पुरुषांचा वाटा याहून वेगळा व सोपा आहे. पाणी भरणे, एका रात्रीचे जागरण आपल्याकडे घेणे, मुलगी झाली म्हणून तोंड न पाडणे आणि बायको रडली तर ‘तुला कमी काय आहे’ असे न विचारणे. बाळाच्या लसीच्या दिवशी त्यांपैकी एकाने बाळाला कडेवर घ्यावे, म्हणजे आईला तपासणीच्या खोलीत मोकळ्या हातांनी जाता येईल.